शरदातील सहल आणि गवताची पेटी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी चार शब्द बोलावे असा निरोप चिटणीसबाईंनी पाठवला, तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. विषय कोणता, असे विचारले तर म्हणाल्या, “शरद ऋतूचा आनंद, असे काहीतरी बोला. कोजागिरी जवळ आली आहे.” मी बरे म्हटले आणि पुन्हा ओट्याकडे वळले. मग मनात आले, शरद ऋतूचा आनंद म्हणजे नेमका कोणाचा आनंद? सहलीला जाणाऱ्यांचा, की ते परत येतील म्हणून घरी स्वयंपाक करणारीचा? तेव्हा आज मी चांदण्याइतकेच चुलीबद्दलही बोलणार आहे. राग मानू नये.

आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे दोन महिने. पाऊस ओसरतो, आकाश धुतल्यासारखे निळे होते, ओढ्यांचे पाणी निवळते. शेपटी खालीवर हलवत चालणारा धोबी पक्षी उत्तरेकडून येऊन अंगणात दिसू लागतो. बाजारात ओल्या भुईमुगाच्या शेंगा, काकड्या, लाल भोपळे, रताळी आणि सीताफळे येतात. मुलींचा भोंडला सुरू होतो, आणि खिरापत ओळखण्यावरून भांडणेही. पण याच दिवसांत ऊनही कडक होते. ढग गेलेले, जमीन अजून ओली, त्यामुळे दुपारी जीव घुसमटतो. आयुर्वेदाने या ऋतूत पित्त खवळते असे सांगून ऊन, तेलकट खाणे, दही आणि दुपारची झोप टाळावयास सांगितले आहे. तांदूळ, मूग, तूप आणि कडू भाज्या घ्याव्या असे म्हटले आहे. म्हणजे शरदाची मजा भर दुपारी नाही. ती सकाळी दहाच्या आत आणि सूर्य कलल्यानंतर. आणि आमची बायकांची अडचण नेमकी इथेच येते. सकाळी दहाच्या आतली वेळ ही स्वयंपाकाची वेळ, आणि सूर्य कलल्यानंतरचीही स्वयंपाकाचीच!

आता घरातली एक गोष्ट सांगते. ती माझ्याच दोषाची आहे, म्हणून सांगायला संकोच वाटतो. पण आपण सगळ्या घरच्याच आहोत.

आमच्या सासूबाई 1958 साली लग्न होऊन साताऱ्यात आल्या. आपल्या गावाच्या वरच्या भागात कासच्या तलावाचे पाणी येते, हे तुम्हाला माहीत आहेच. सासूबाईंनी सारा जन्म ते पाणी भरले. कासच्या पाण्याने वरण चांगले शिजते, असे त्या पाहुण्यांना अभिमानाने सांगत. पण कास त्यांनी पाहिलेले नव्हते. पंचवीस किलोमीटरांवर कास! दर वर्षी भाद्रपदाच्या शेवटी घरातली मंडळी यवतेश्वराच्या घाटाने फुले बघायला जात. सासूबाई दारापर्यंत पोचवायला येत आणि म्हणत, “तुम्ही जाऊन या. मी तोवर स्वयंपाक करून ठेवते. भुकेले याल.”

आणि खरेच आम्ही भुकेले येत असू. दारातूनच “काय आहे जेवायला?” असे विचारीत असू. 1986 साली मी त्या घरात सून म्हणून गेले आणि पहिल्याच वर्षी मलाही फुले बघायला पाठवले. मला फार आनंद झाला. सासूबाई किती चांगल्या, असे मी माहेरी पत्र लिहून कळवले. पण “तुम्हीही चला,” असा आग्रह मी त्यांना केला नाही. पुढे वीस-पंचवीस वर्षे केला नाही. एखादे वेळी तोंडदेखले म्हटले असेन. मनातून मला ठाऊक होते की त्या मागे राहिल्या तरच मला जाता येते. दोघींपैकी एक चुलीपाशी हवी, हे मी धरून चालले होते. आणि ती एक मी नाही, यातच मी सुख मानले.

2012 साली कासच्या पठाराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. वर्तमानपत्रांतून चित्रे आली. सासूबाईंनी चष्मा लावून चित्र पाहिले आणि म्हणाल्या, “हे आपलेच कास का गं?” त्या प्रश्नाने मी मान खाली घातली. त्याच वर्षी ठरवले की पुढच्या फुलांना त्यांना न्यायचे. पण त्या कसल्या ऐकतात! “दुपारी बारा माणसे जेवायला. बाहेरचे मला पचत नाही. आल्यावर पदर खोचून लागणार कोण?” त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. तेव्हा वाद घालत बसण्यापेक्षा त्या हिशेबालाच उत्तर शोधले पाहिजे, असे मला वाटले.

ते उत्तर म्हणजे गवताची पेटी.

ही माझी युक्ती नव्हे. आपल्या आज्या काय करीत होत्या? चुलीच्या वैलावर डाळीचे पातेले सरकवून ठेवीत, निखाऱ्यांवर राख ओढून त्यावर दूध ठेवीत, आणि शेताला जात. जाळ कमी, वेळ जास्त. बंगालमध्ये इंदुमाधव मल्लिक यांनी 1910 साली इकमिक कुकर काढला. खाली कोळशाची लहानशी शेगडी, वर डबे, भोवती उष्णता धरून ठेवणारे नळकांडे. जुन्या घरांतून तो अजून माळ्यावर सापडेल. युरोपात गवत भरलेल्या पेटीत गरम पातेले ठेवून अन्न शिजवण्याची रीत जुनीच. 1867 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात नॉर्वेकडून आलेली अशी पेटी मांडली होती. दुसऱ्या महायुद्धात इंधन वाचावे म्हणून इंग्लंडच्या सरकारने तिचा बायकांमध्ये प्रसार केला.

विजेचे मंद कुकर आता आपल्याकडेही मिळतात. माझी भाची अमेरिकेत असते. तिकडे या दिवसांत झाडांची पाने लाल-पिवळी होतात. ती सकाळी कुकरात उसळ लावून पाने बघायला जाते आणि संध्याकाळी गरम जेवते. त्या कुकराची कथाही ऐकण्यासारखी आहे. आयर्विंग नॅक्सन या गृहस्थाला त्याचे पेटंट 1940 साली मिळाले. त्याच्या आईने त्याला आपल्या लहानपणची हकिकत सांगितली होती. ज्यूंच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारी, चूल पेटवायची नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी कडधान्याचे भांडे पाववाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवायचे. भट्टी विझत जायची आणि तिच्या उरल्या ऊबेवर रातोरात अन्न शिजायचे. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींना ‘शनिवार तेली’ म्हणत, ते याच सुट्टीमुळे. शनिवारी त्यांचा घाणा बंद. मला या गोष्टीत एवढेच दिसले, की आठवड्याचा एक दिवस चुलीला सुट्टी द्यायची असे ठरले, तेव्हा लोकांनी वाट काढली. आधी ठरले, मग सापडले. आपण ठरवतच नाही.

विजेचा कुकर वाईट नाही. पण त्याला दिवसभर वीज हवी, आणि आश्विनात गडगडाटी पाऊस झाला की आपल्याकडची वीज कशी रुसते, ते तुम्ही जाणता. पेटीला काही लागत नाही.

मग 2013 च्या श्रावणात मी पेटी केली. आमची पहिली फजितीही सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. मोठ्या पातेल्यात थोडीशी तुरीची डाळ घातली, एक उकळी येताच पेटीत ठेवली, आणि शिजते आहे की नाही म्हणून दर अर्ध्या तासाने झाकण उघडून पाहिले. तीन तासांनी डाळ कोमट आणि कच्ची. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी ती पुन्हा गॅसवर ठेवली. ते न बोलणे फार बोलके होते.

तेव्हा आता कृती नीट ऐका.

अन्न शिजते ते उष्णतेने, ज्योतीने नव्हे. पाणी एकदा उकळले की त्याखालची ज्योत बहुतांशी हवेत निघून जाणारी उष्णता भरून काढण्याचेच काम करते. ती उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर ज्योत कशाला? एखादी जुनी ट्रंक, लाकडी खोके किंवा मोठी दुरडी घ्या. तळाला आणि चारी बाजूंनी निदान चार-पाच इंच जाडीचा थर हवा. भाताचा पेंढा, कोरडे तूस भरलेल्या पिशव्या, जुनी वाकळ, लोकरी कपडे, काहीही चालेल. मात्र कोरडे आणि दाबून भरलेले असावे. मधे पातेल्याच्या मापाचा खळगा ठेवा. वर टाकायला तेवढ्याच जाडीची उशी शिवा. पातेले जाड बुडाचे, झाकण घट्ट बसणारे, आणि पाऊण भरलेले असावे. अर्धे रिकामे पातेले लवकर निवते.

अख्खी कडधान्ये रात्री भिजत घाला. सकाळी नव्या पाण्यात घालून चांगली वीस मिनिटे खळखळ उकळा आणि उकळी मोडायच्या आत पातेले पेटीत ठेवा. चार तासांत चवळी, मटकी, हरभरे मऊ होतात. भिजवलेली तुरीची किंवा मुगाची डाळ पंधरा मिनिटे उकळून ठेवली तर तीन तास पुरतात. धुऊन अर्धा तास भिजवलेला तांदूळ पाच मिनिटे उकळून ठेवावा. तासा-दीड तासात मोकळा भात होतो, आणि तळाला लागण्याची भीती नाही. वाफ बाहेर जात नाही, म्हणून पाणी नेहमीपेक्षा कमी घाला. चिंच, आमसूल, टोमॅटो ही आंबट मंडळी शेवटी. आधी घातली तर दाणा टणक राहतो. फोडणी आल्यावर द्या. ती दोन मिनिटांची, आणि तिच्या वासाने घरात स्वयंपाक चालू असल्याचा भासही होतो!

तीन गोष्टी मात्र अगदी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, मधे उघडायचे नाही. दुसरी, राजमा नुसत्या मंद आंचेवर कधी शिजवू नये. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारे विष असते आणि ते कमी उष्णतेत जात नाही. तो भिजवून, ते पाणी फेकून, निदान दहा मिनिटे खळखळ उकळलाच पाहिजे; विजेचा मंद कुकर असला तरी हाच नियम. तिसरी, पेटी म्हणजे कपाट नव्हे. अन्न साठ अंशांच्या खाली कोमट होऊन पडून राहिले की नासू लागते. म्हणून चार-पाच तासांत पेटी उघडावी, पातेल्यातून वाफा येतात ना हे पाहावे आणि वाढण्यापूर्वी एक उकळी आणावी. पातेले कोमट निघाले तर ते अन्न मोह न धरता टाकून द्यावे. दुधाचे पदार्थ पेटीत ठेवूच नयेत.

कोजागिरीचे दूध आटवणे त्यामुळे पेटीला जमत नाही. पण माझा अनुभव असा, की ते पुरुषमंडळींना उत्तम जमते. हातात उलथने द्यावे, गच्चीवर शेगडी मांडून द्यावी आणि आपण चंद्राकडे तोंड करून बसावे. साय थोडी कमी-जास्त होईल. होऊ द्यावी.

आता पुन्हा 2013 कडे येते. भाद्रपदाचे शेवटचे दिवस होते. पहाटे उठून मी चवळीची उसळ उकळली, मुगाचे वरण उकळले, दोन पेट्यांत दोन पातेली पुरली. भात आल्यावर लावायचा ठरवला. न्याहारीला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकड्या बांधून घेतल्या. सासूबाई पेट्यांकडे संशयाने बघत होत्या. “आत जाळ नाही, आणि शिजणार कशी?” मी म्हटले, “तुम्हीच येऊन बघा, पण आधी चला.” साडेसहाला निघालो.

पठारावर पोचलो तेव्हा धुके उठत होते. सासूबाईंना गुडघ्यांमुळे फार चालवेना. वाटेच्या कडेला एका दगडावर त्यांना बसवले. कासची जमीन म्हणजे जांभ्याचे सडे. माती बोटभर, खाली सपाट खडक, खोलगट जागी पाणी साचलेले. मोठे झाड तिथे रुजत नाही, म्हणून सगळे राज्य या लहान फुलांचे. साडेआठशेहून अधिक जातींच्या फुलवनस्पती तिथे नोंदल्या आहेत. समोर पांढऱ्या गेंदांची दाटी, मधे तेरड्याचा गुलाबी पट्टा, आणि कडेच्या ओलीत सीतेची आसवे. ते निळेजांभळे फूल दिसायला इतके नाजूक, पण मुळाशी बारीक पिशव्या असतात आणि त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून ते पोट भरते. मातीत कस नाही, मग काय करील बिचारे! दूरवर सोनकी पिवळी व्हायला लागली होती.

सासूबाई पहिल्यांदा काय म्हणाल्या असतील? “पेटी नीट झाकलीस ना गं?”

मी हो म्हटले. मग त्या बराच वेळ गप्प बसल्या. मुले पुढे गेली होती. धुके हटले आणि उन्हात सगळे पठार उजळले. तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “इतकं जवळ होतं होय हे?”

मैत्रिणींनो, मला उत्तर देता आले नाही. पंचावन्न वर्षे ज्या तलावाचे पाणी त्यांनी भरले, तोही आम्ही त्यांना दाखवला. त्या काठाशी उभ्या राहून हसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे तू इथून येतोस!” साडेअकराला घरी पोचलो. पेटी मी उघडली नाही, त्यांना उघडू दिली. भसकन वाफ आली. त्यांनी एक दाणा चिमटीत दाबून पाहिला, आणि मग जन्मात पहिल्यांदा मला म्हणाल्या, “बस तू. मी फोडणी देते, पण आज हौसेने.”

2019 साली त्या गेल्या. मधल्या वर्षांत आम्ही दोघी दर शरदात कुठे ना कुठे जात होतो. मोठे काही नाही. पहाटे गाडीने अजिंक्यताऱ्यावर, उन्हे उतरल्यावर माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, एकदा पाणी आटायच्या आत ठोसेघरला. एक रात्र बामणोलीला राहिलो; कोयनेच्या फुगवट्याच्या पाण्यात चांदणे पाहिले. ती एक रात्र सोडली, तर पेटी पुरली. पण त्याआधीची जी वर्षे गेली, ती कोणत्याही पेटीतून परत निघत नाहीत. हे मी तुमच्यापुढे बोलते ते दुःख उगाळावे म्हणून नव्हे. या सभेतल्या कितीतरी घरांत आजही एक बाई “तुम्ही जाऊन या” असे म्हणत असेल, आणि बाकीचे, त्यात आपणही, ते खरे मानून जात असू. ती बाई सासूच असेल असे नाही. कुठे सून असेल, कुठे थोरली जाऊ, कुठे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई. त्या आपल्या घरी भात लावतात आणि त्यांच्या घरची मुले फुले न पाहताच मोठी होतात. त्यांनाही विचारले पाहिजे.

म्हणून मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, मंडळाने अशा चार पेट्या करून घ्याव्यात आणि ज्या सभासद भगिनीला हवी तिला, जशी आपण सतरंजी आणि मोठी पातेली देतो, तशी न्यायला द्यावी. जुन्या वाकळी मी देईन. पेंढा देणाऱ्या पुष्कळ आहेत. दुसरी, पुढच्या वर्षापासून भाद्रपदाच्या शेवटच्या आठवड्यात आपली कासची सहल असावी, आणि तिचे पहिले नाव त्या घरातल्या आजवर मागे राहिलेल्या बाईचे असावे. पठारावर जाण्यासाठी नोंदणी आधी करावी लागते, ती मंडळाच्या नावाने एकदम करता येईल. फुले तोडावयाची नाहीत, आखलेली वाट सोडावयाची नाही आणि न्याहारीचा कचरा परत आणावयाचा, हे सांगावयास नकोच.

या वर्षीचा मुख्य बहर सरला आहे, तरी सोनकी अजून असेल. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मी आणि माझी सून जाणार आहोत. गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. कोणाला यायचे असेल त्यांनी शनिवारी रात्री कडधान्य भिजत घालावे. पेटी मी आणून देईन.